ईलिंग ते साउथॉल, लांबच्या वाटेने

पश्चिम लंडनमधल्या ईलिंग ब्रॉडवे स्थानकाबाहेर पडून बाजारपेठ ओलांडली की थोड्याच अंतरावर ईलिंग ग्रीन नावाचा हिरवळीचा पट्टा लागतो आणि त्याच्या कडेला एक जुने पांढरे घर दिसते. विल बार्कर यांनी 1902 साली हे घर आणि त्यामागची जमीन विकत घेऊन तिथे चित्रपट बनवण्यास सुरुवात केली, आणि अधूनमधून मालक बदलत गेले तरी तिथले काम आजवर थांबलेले नाही. स्टुडिओ चालू असल्यामुळे वाटसरूंना आत प्रवेश नाही. मी रस्त्यावर उभा राहून जेवढे दिसते तेवढे पाहिले. ‘डाउन्टन ॲबी’ या मालिकेतले तळघरातले स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या याच आवारात उभारल्या होत्या, म्हणजे वरचा मजला खऱ्या हायक्लेअर किल्ल्यातला आणि खालचा मजला ईलिंगमधला, हे आठवून हसू आले. जगभरच्या प्रेक्षकांनी अस्सल इंग्रजी घर म्हणून जे पाहिले, ते दोन ठिकाणांना सांधून केलेले होते.

मायकेल बाल्कन 1938 साली या स्टुडिओचे प्रमुख झाले. 1955 साली तो बीबीसीला विकावा लागला तेव्हा त्यांनी तिथे एक फलक बसवला. पाव शतकभर येथे ब्रिटन आणि ब्रिटिश स्वभाव यांचे दर्शन घडवणारे अनेक चित्रपट तयार झाले, असा त्यावरचा मजकूर होता. एखाद्या कारखान्याने आपल्या मालाचे वर्णन करावे तितक्या सहजपणे इथे राष्ट्रीय स्वभावाचा उल्लेख आहे. पण हा माल घडवणारे कोण होते हे पाहू लागलो तर चित्र गमतीचे दिसते. खुद्द बाल्कन पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात बर्मिंगहॅम येथे जन्मले. त्यांच्याकडचे दिग्दर्शक अल्बेर्तो कॅव्हल्कांती ब्राझीलचे, हेन्री कॉर्नेलियस दक्षिण आफ्रिकेचे. ‘द लेडीकिलर्स’ (1955) या चित्रपटातली व्हिक्टोरियन वळणाची, छत्री विसरणारी म्हातारी म्हणजे जणू मूर्तिमंत जुने इंग्लंड. या चित्रपटाची पटकथा विल्यम रोझ या अमेरिकन लेखकाची, आणि दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक बॉस्टनला जन्मून ग्लासगोत वाढलेले. इंग्रजांचा स्वभाव पडद्यावर नेमका कोणी रेखाटला आणि त्यात कोणाला धरले, कोणाला वगळले, हे त्या त्या जागी जाऊन पाहावे, एवढाच माझ्या प्रवासाचा हेतू होता. शेवटचा मुक्काम साउथॉल ठरवला होता. ईलिंग आणि साउथॉल लंडनच्या एकाच बरोमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागात, येतात आणि एलिझाबेथ लाइनवर त्यांच्यामध्ये वेस्ट ईलिंग व हॅनवेल ही दोनच स्थानके आहेत. मी मात्र आधी उत्तरेकडे वळलो.

त्याआधी लॅम्बेथमध्ये एक फेरी मारली. ‘पासपोर्ट टू पिम्लिको’ (1949) हा ईलिंगचा विनोदी चित्रपट नावाप्रमाणे लंडनच्या पिम्लिको भागात घडतो, पण त्याचा देखावा उभारला होता थेम्सच्या दुसऱ्या तीरावर, लॅम्बेथमधल्या बाँबहल्ल्याने मोकळ्या झालेल्या जागेत. एक जुनी सनद सापडते, त्या सनदेनुसार पिम्लिकोचा तेवढा तुकडा फ्रान्समधल्या बर्गंडीच्या सरदाराच्या मालकीचा ठरतो आणि रहिवासी आपण आता ब्रिटिश नाही, म्हणून रेशनकार्डेही लागू नाहीत, असे म्हणून ती फाडून टाकतात. पुढे एक बाई ठणकावते की आम्ही इंग्रज आहोत आणि राहणार, आणि इंग्रज आहोत म्हणूनच बर्गंडीयन असण्याच्या आमच्या हक्कासाठी भांडणार. सरकारशी वाद घालण्याचा हक्क हीच इथे राष्ट्रीयत्वाची खूण ठरते. शेवटी तुकडा ब्रिटनमध्ये परत सामील होतो आणि त्याच क्षणी उकाडा संपून पाऊस कोसळू लागतो! आज त्या परिसरात चित्रपटाची खूण शोधायला जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

कार्नफर्थला मात्र सगळे काही जपून ठेवले आहे. लँकेस्टरहून स्थानिक गाडीने इथे उतरता येते. लंडन-ग्लासगो मुख्य मार्गावरच्या वेगवान गाड्या याच स्थानकातून जातात, पण त्यांचे फलाट 1970 साली बंद झाल्याने त्या न थांबता, कानठळ्या बसवत निघून जातात. दिग्दर्शक डेव्हिड लीन यांच्या ‘ब्रीफ एन्काउंटर’ या चित्रपटाचे स्थानकावरचे चित्रीकरण इथे फेब्रुवारी 1945 मध्ये, रात्री उशिरा, गाड्यांची वर्दळ कमी झाल्यावर झाले. कथा लंडनजवळच्या सुखवस्तू प्रदेशात घडत असल्यासारखी वाटते, स्थानकाचे नाव मिल्फर्ड जंक्शन असे काल्पनिक आहे, आणि तरीही चित्रीकरण लँकशायरमध्ये करण्याचे कारण युद्ध हे होते. देशभर दिवे झाकून ठेवण्याचे दिवस होते, फलाटावर प्रखर प्रकाश पाडायचा तर विमाने येण्याची सूचना वेळेवर मिळेल इतके दूरचे स्थानक हवे होते. म्हणूनच युद्धापूर्वीच्या शांत इंग्लंडची ही गोष्ट त्या इंग्लंडपासून शेकडो किलोमीटर लांब घडवली गेली. नीट पाहिले तर फलाटावरच्या पाटीवर लीड्स आणि ब्रॅडफर्ड ही नावे वाचता येतात. नायक-नायिका ज्या पुलावर उभे राहतात तो लेक डिस्ट्रिक्टमधल्या लँगडेलचा, आणि चहापानगृहाचा अंतर्भाग डेनमच्या स्टुडिओत उभारलेला. आज कार्नफर्थला त्या देखाव्यावरून बेतलेले चहापानगृह चालते, म्हणजे नकलेवरून अस्सल जागा घडवली आहे, आणि मी तिथे बसून स्कोनबरोबर चहा घेतला तेव्हा शेजारच्या टेबलांवरचे लोक काउंटरकडे पाहून कुजबुजत होते.

सीलिया जॉन्सन आणि ट्रेव्हर हॉवर्ड यांनी उभी केलेली लॉरा आणि अ‍ॅलेक ही दोन विवाहित माणसे दर गुरुवारी भेटतात, प्रेमात पडतात आणि काही न मोडता दूर होतात. लॉराचे सगळे निवेदन मनातल्या मनात आहे. समोर नवरा शब्दकोडे सोडवत बसला आहे आणि तिच्या ओठांवर एक शब्द येत नाही. भावना आवरून धरणे म्हणजे इंग्रज असणे, ही प्रतिमा जगात पक्की करण्यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. पण त्याच चहापानगृहात काउंटरमागच्या मर्टल बॅगट आणि तिकीट तपासणारे अल्बर्ट गॉडबी उघडपणे एकमेकांची थट्टा करतात, लाडात येतात, भांडतात. तेही इंग्रजच आहेत. मात्र त्यांचे प्रेम विनोदासाठी आणि लॉराचे प्रेम पियानो आणि वाद्यवृंदाच्या साथीने, तेही रशियाचे संगीतकार राखमानिनॉफ यांच्या सुरांवर. एका वर्गाचा संयम राष्ट्राच्या नावावर जमा झाला आणि दुसऱ्या वर्गाचा मोकळेपणा मधल्या विरंगुळ्यासाठी वापरला गेला. मला हा चित्रपट अतिशय आवडतो आणि तरीही ही वाटणी खटकल्याशिवाय राहत नाही.

तिथून पेनाइन डोंगर ओलांडून बार्न्सलीला आलो तेव्हा लोकांच्या बोलण्याचा हेल बदललेला जाणवला. लॉराच्या तोंडची इंग्रजी आपल्याला शाळेतल्या पुस्तकांमुळे ओळखीची वाटते, पण दक्षिण यॉर्कशायरची बोली समजायला मला कान ताणावे लागले. केन लोच यांच्या ‘केस’ (1969) मधल्या माणसांची हीच बोली आहे. बॅरी हाइन्स यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट बार्न्सली परिसरातच, तिथल्याच माणसांना आणि मुलांना घेऊन चित्रित झाला. बिली कॅस्पर या मुलाला ससाण्याचे पिल्लू सापडते आणि तो त्याला शिकवतो, एवढीच गोष्ट. शाळा सुटल्यावर खाणीत जाणे त्याच्यासाठी जवळपास ठरलेलेच आहे, आणि नोकरीविषयी सल्ला देणाऱ्या माणसासमोर तो एवढेच सांगू शकतो की मला खाणीत जायचे नाही. शहराच्या मध्यभागी आता बिली आणि ससाण्याचा पुतळा आहे. पुतळ्यापुढे फोटो काढणाऱ्यांत शाळकरी मुलेही होती.

या चित्रपटातला फुटबॉलचा प्रसंग माझ्या डोक्यात पुढे साउथॉलपर्यंत घोळत राहिला. इंग्लंडने 1966 साली विश्वचषक जिंकला होता आणि संघातले खेळाडू बॉबी चार्ल्टन हे राष्ट्राचे दैवत झाले होते. चिखलाच्या मैदानावर ट्रॅकसूट घातलेले जाडजूड क्रीडाशिक्षक स्वतःला बॉबी चार्ल्टन म्हणवून घेतात, पोरांना धक्के मारून गोल करतात आणि हरल्यावर बिलीवर सूड उगवतात. ही भूमिका करणारे ब्रायन ग्लोव्हर खरोखरच बार्न्सलीचे शिक्षक होते आणि कुस्तीपटूही. राष्ट्रीय अभिमानाची जर्सी दुबळ्यांना दटावण्यासाठी कशी वापरता येते, हे भाषणाविना दाखवणारा यापेक्षा नेमका प्रसंग मला ब्रिटिश चित्रपटात आठवत नाही.

बार्न्सलीहून बसने ग्राइमथॉर्पला जाता येते. इथली कोळशाची खाण 1993 साली बंद झाली आणि तीन वर्षांनी मार्क हर्मन यांनी ‘ब्रास्ड ऑफ’ केला, त्यात गावाचे नाव बदलून ग्रिम्ली ठेवले आहे. खाणीचे मनोरे आता दिसत नाहीत, पण 1917 साली स्थापन झालेला ग्राइमथॉर्प कोलियरी बँड हा खाणीचा पितळी वाद्यांचा बँड अजून वाजतो, आणि चित्रपटातले संगीतही त्यांचेच आहे. पीट पोस्टलथ्वेट यांनी साकारलेले बँडचे प्रमुख डॅनी अंतिम स्पर्धा जिंकूनही चषक नाकारतात आणि सांगतात की आम्ही सील किंवा देवमासे असतो तर लोक पेटून उठले असते, पण आम्ही साधी माणसे आहोत. त्यानंतर हा बँड रात्री उघड्या छताच्या बसवरून लंडनमध्ये संसदेसमोरून जाताना इंग्रज संगीतकार एल्गर यांची ‘लँड ऑफ होप अँड ग्लोरी’ची धून वाजवतो. देशभक्तीच्या सगळ्यांत लाडक्या धुनेवर ज्यांचा हक्क सरकारने नाकारला, त्यांनीच ती सरकारच्या दारात वाजवावी, हा उपरोध आहे, पण वाजवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नाही. पिम्लिकोतल्या त्या बाईचे भांडण इथे पुन्हा चालू होते, फक्त आता त्यात विनोद उरलेला नाही.

ब्लॅकपूलमध्ये वारा इतका होता की टॉवर खालूनच पाहून समाधान मानले. गुरिंदर चढ्ढा यांच्या ‘भाजी ऑन द बीच’ (1993) मध्ये बर्मिंगहॅमच्या आशियाई बायका एका दिवसाच्या सहलीला इथे येतात, म्हणजे कामगारवर्गीय इंग्रज कुटुंबाचा सर्वांत रुळलेला विरंगुळा त्या आपलासा करतात. गायक क्लिफ रिचर्ड यांनी गाजवलेले सुट्टीचे गाणे चित्रपटात पंजाबीत ऐकू येते. आता क्लिफ रिचर्ड स्वतः लखनौला जन्मलेले, तेव्हा कोण कोणाचे गाणे गात आहे हे सांगणे कठीणच.

साउथॉल स्थानकाची पाटी इंग्रजी आणि गुरुमुखी अशा दोन लिप्यांत आहे. चढ्ढा नैरोबीत जन्मून याच वस्तीत वाढल्या. रस्त्यावरचे चिनी पॅगोड्याच्या वळणाचे जुने चित्रपटगृह 1929 साली जॉर्ज कोल्स यांनी बांधले, आणि पुढे हिमालया पॅलेस या नावाने तिथे हिंदी चित्रपट लागत. चिनी छप्पर, इंग्रज वास्तुविशारद, हिमालयाचे नाव आणि आत हिंदी गाणी, अशी ही सरमिसळ ईलिंगच्या पांढऱ्या घरापासून अगदी थोड्या अंतरावर आहे. तरीही ब्रिटिश स्वभावाच्या त्या फलकावर साउथॉलला जागा मिळायला बराच काळ जावा लागला.

तिथून बसने हाउन्स्लोला गेलो. चढ्ढा यांच्याच ‘बेंड इट लाइक बेकहॅम’ (2002) मधली फुटबॉल खेळणारी जेस आणि तिचे भामरा कुटुंब इथले. हीथ्रोला उतरणारी विमाने डोक्यावरून इतकी खाली येतात की चित्रपटात ती मुद्दाम घातलेली नसून टाळणेच अशक्य होते, हे पार्कमध्ये उभे राहिल्यावर पटते. जेसचे वडील नैरोबीतले नावाजलेले वेगवान गोलंदाज होते, पण इंग्लंडमध्ये आल्यावर इथल्या क्लबांनी त्यांना खेळू दिले नाही, म्हणून मुलीने फुटबॉलच्या मैदानावर जाऊन तोच अपमान सोसू नये असे त्यांना वाटते. अनुपम खेर यांनी हा सल फार कमी शब्दांत दाखवला आहे, आणि मला तो लॉराच्या संयमाच्या जवळचा वाटला. चित्रपट संपताना जेस शिष्यवृत्तीवर कॅलिफोर्नियाला निघून गेलेली आहे, म्हणजे इंग्लंडची खेळाडू म्हणून घडायला तिला इंग्लंडबाहेर जावे लागले. मागे हाउन्स्लोच्या हिरवळीवर तिचा आयरिश प्रशिक्षक जो बॅट घेऊन उभा आहे आणि भामरा पुन्हा गोलंदाजी करत आहेत. इंग्रजांचा राष्ट्रीय म्हणवला जाणारा खेळ चालू आहे, आणि खेळणाऱ्या त्या दोघांपैकी एकही इंग्रज नाही.