आठ पंचावन्न ते दहा

२५ डिसेंबर, रात्र

ब्रिटनमधल्या १९७७च्या नाताळच्या संध्याकाळचा विषय निघाला की २ कोटी ८० लाख हा आकडा हटकून येतो. मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीचा बीबीसी १ वरचा आठ पंचावन्न ते दहाचा कार्यक्रम एवढ्या लोकांनी पाहिला म्हणे. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण ५ कोटी ६० लाख, म्हणजे बरोबर निम्मा देश. हिशेब इतका गोल बसला की मला शंका येते.

मोजणारे दोन होते, म्हणून आकडेही दोन. बीबीसीची माणसं दुसऱ्या दिवशी लोकांना गाठून विचारायची, काल काय पाहिलंत? जिक्टार या टीव्ही-जाहिरात संशोधन समितीची पद्धत निराळी: निवडक घरांत संचाला मीटर जोडलेला, आणि कोण काय बघतंय ते घरच्यांनी वहीत भरायचं. दोन्हींत खोट आहे. दहा मिनिटं डोकावलेला माणूसही विचारल्यावर ‘पाहिला की’ म्हणतो. मीटरला संच चालू असल्याचं कळतं, समोरचे आजोबा जेवणानंतर पेंगतायत हे कळत नाही. जिक्टारच्या हिशेबाने प्रेक्षक २ कोटी १३ लाख. त्याच्याआधी ८:२०ला लागलेल्या माइक यारवुडच्या नकलांना २ कोटी १४ लाख! तरी आठवण राहिली ती मोरकम-वाइजचीच. दोन मापांचा हा घोळ १९८१मध्ये बार्ब ही सामाईक संस्था आल्यावर मिटला.

वाहिन्या तीनच: बीबीसी १, बीबीसी २ आणि आयटीव्ही. व्हीएचएस रेकॉर्डर ब्रिटनमध्ये आला १९७८ला, त्यामुळे जवळपास सगळ्याच घरांत चुकलं ते चुकलं. बेत आधीच आखावा लागे, आणि त्यासाठी दोन साप्ताहिकं विकत घ्यावी लागत. बीबीसीचे कार्यक्रम ‘रेडिओ टाइम्स’मध्ये, आयटीव्हीचे ‘टीव्ही टाइम्स’मध्ये, एकात दुसऱ्याचं वेळापत्रक नाही. ही मक्तेदारी थेट १९९१पर्यंत टिकली. दोन्ही अंक शेजारी उघडे ठेवून पेनाने खुणा करायच्या आणि टक्कर कुठे होते ते बघायचं. एकच संच असलेल्या घरात भांडण व्हायचं ते इथेच.

त्या कार्यक्रमातला नाविकांच्या वेषातला नाच मात्र बारकाईने बघण्यासारखा आहे. एरवी गंभीर चेहऱ्याने बातम्या वाचणारे आणि खेळांवर बोलणारे निवेदक अचानक कोलांट्या मारतात. युक्ती संकलनाची. निवेदक झेप घेण्याच्या पवित्र्यात येतो, तिथे दृश्य तोडायचं. उडी कसलेला कसरतपटू मारतो. पुन्हा तोडून निवेदकाला पाय रोवलेला दाखवायचा. जोड किंचित उशिरा पडला तर कसरतपटूचा चेहरा दिसतो आणि सगळं फुकट. निर्माता अर्नेस्ट मॅक्सिन नृत्यदिग्दर्शकही होता, त्यामुळे कट तालावर पडतात आणि डोळा फसतो. हे चेहरे घरोघरी रोज दिसणारे नसते, तर हसू आलंच नसतं. तीन वाहिन्यांचा हा एक फायदा. बीबीसीसाठी या जोडीचा हा शेवटचा नाताळ. पुढच्याच महिन्यात ते आयटीव्हीच्या टेम्स कंपनीकडे गेल्याची बातमी आली.

आणि दहा वाजता चहा. आयटीव्हीवर जाहिराती असल्याने माणसं मध्येच उठतात, विजेची मागणी थोडी विखुरते. बीबीसीवर जाहिरात नाही, म्हणून कार्यक्रम संपला की सगळे एकदम उठणार. ब्रिटिश किटली अडीच-तीन किलोवॅटची. ३ किलोवॅट धरले तर १ लाख किटल्या म्हणजे ३०० मेगावॅट, तेही दोन-तीन मिनिटांत. वर संडासच्या टाक्या रिकाम्या होतात, म्हणून पाण्याचे पंपही सुरू. पुरवठा मागे पडला की विजेच्या प्रवाहाची ५० हर्ट्झची वारंवारिता घसरते. कोळशाच्या केंद्राला इतकी चपळाई जमत नाही. म्हणून वीज नियंत्रण कक्षात कार्यक्रमांचं वेळापत्रक लागतंच. उत्तर वेल्समधलं फेस्टिनिऑगचं केंद्र १९६३चं, ३६० मेगावॅटचं: वरच्या तलावातलं पाणी सोडलं की मिनिटाभरात पूर्ण ताकदीवर. म्हणजे सव्वा लाखाच्या आतबाहेर किटल्यांची सोय. मग मध्यरात्रीनंतर देश झोपला, वीज स्वस्त झाली, की तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं.