कयाक अपडेट: हत्ता धरणाचं ढिम्म पाणी

मंडळी, यावेळचं कयाकचं (वल्हवायच्या छोट्या होडीचं) अपडेट गोव्यातल्या आपल्या मांडवी नदीतलं नाही, थेट वाळवंटातलं आहे. आतेभाऊ दुबईला असतो, त्याच्याकडे गेलो आणि दुसऱ्याच सकाळी त्याला गाडी काढायला लावून हत्ता गाठलं. शहरापासून साधारण 130 किलोमीटर, ओमानच्या सीमेला लागून, हजर पर्वतरांगेत हे धरण आहे. चहूबाजूंनी नुसते तपकिरी, उघडेबोडके डोंगर आणि मधे हिरवं-निळं पाणी. हा खडक म्हणजे सुमारे 9.5 कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ, जमिनीच्या हालचालींनी वर आलेला. आपण जांभ्यातली माणसं, बघतच राहिलो.

बोट भाड्याची, प्लॅस्टिकची, बुटकी आणि रुंद सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत नाही, वरच बसायची. एका बाजूचा स्ट्रोक (वल्ह्याचा फटका) जरा जोरात बसला की नाक फिरलंच. लाइफ जॅकेट सक्तीचं, पोहायला बंदी.

आता मुद्द्याचं. आपण मांडवीत रायबंदरहून चोडण बेटाच्या बाजूला निघतो ते भरती-सुकती (ओहोटी) बघून, जाताना भरती धरायची, येताना सुकती, म्हणजे अर्धं काम पाणीच करतं आणि आपल्याला वाटतं वा काय स्पीड आलाय. हत्तात असलं काही नाही, पॅडल थांबलं की बोट थांबली, त्यामुळे प्रत्येक स्ट्रोकचा हिशोब तिथल्या तिथं कळतो. मी दहा स्ट्रोक मारायचे आणि मग पॅडल मांडीवर ठेवून बोट कुठं वळते ते बघायचं असं करत गेलो. दरवेळी डावीकडे. मग उजवा स्ट्रोक कमरेच्या मागे न ओढता कमरेपाशीच बाहेर काढला, डावीकडे खांद्याऐवजी धड फिरवलं, आणि परतीला बोट बऱ्यापैकी सरळ. इतकी स्पष्ट सुधारणा मला नदीत कधी दिसली नव्हती, खरंच खूप आनंद झाला.

दुपारकडे घळीतून वारा सुटला. आपल्याकडे खारफुटी वारा अडवते, इथं झाडाचं नाव नाही, तेव्हा खडकाच्या कडेकडेनं आलो. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरींमुळे आपण काठापासून लांब राहतो, इथं मात्र खडकाला हात लावत पुढं सरकता येतं.

पाण्याची बाटली कमी पडू देऊ नका हे कळकळीनं सांगतो. गोव्यात घामानं अंग निथळतं म्हणून तहान लक्षात येते, तिथं कोरड्या हवेत घाम आला कधी आणि वाळला कधी पत्ताच नाही, टी-शर्टच्या गळ्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली तेव्हा कळलं. जायचं तर हिवाळ्यातच जा.

जाता जाता, याच धरणावर 250 मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, सौरऊर्जेनं पाणी डोंगरातल्या वरच्या तलावात चढवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची. भाऊ इलेक्ट्रिकलवाला, त्याचं सगळं लक्ष तिकडेच.

आता हाच दहा स्ट्रोकचा सराव मांडवीत चालू ठेवायचाय. त्यासाठी उधाणाचे (मोठ्या भरतीचे) दिवस नकोत, भांगाचे (लहान भरतीचे) हवेत, अष्टमी-नवमीला ओढ कमी असते आणि भरती-सुकतीच्या मधे पाणी जरा थांबतं, तेवढ्या वेळात जमेल. येत्या अष्टमीला कोण कोण येतंय? रायबंदर फेरी धक्क्याजवळ भेटू, वेळ भरतीचा तक्ता बघून टाकतो.