मग्दालिया मरीयेच्या गुहेची वारी

मोतमाउलीच्या जत्रेला मी वसईहून कितीदा तरी गेले, पण लोकलने. देवासाठी अख्खा दिवस पायी चालले ती पहिल्यांदाच, तीही फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्समध्ये. सँ-माक्सिमँ गावातल्या बॅसिलिकेपासून सेंत-बोमच्या डोंगरातल्या गुहेपर्यंत, सुमारे २० किलोमीटर. दोन्ही ठिकाणं येशूची शिष्या मग्दालिया मरीया हिची. फ्रान्सचे राजे इथून गेले म्हणून हिला 'राजांची वाट' म्हणतात.

सकाळी निघण्याआधी बॅसिलिकेच्या तळघरात उतरले. काचेमागे काळपट कवटी, तिच्याभोवती सोनेरी मुलाम्याचे लांब केस. १२७९ साली सापडलेले हे अवशेष तिचेच, अशी इथली श्रद्धा. खाली काचेची छोटी नळी आहे. पुनरुत्थित येशूचं बोट तिच्या कपाळाला टेकलं, तिथल्या कातडीचा तुकडा त्यात जपलाय म्हणे. नळीला नाव लॅटिन, 'नोली मे तांगेरे'. थडग्यातून उठलेल्या येशूने तिला म्हटलेलं हे वाक्य लहानपणी मी मराठीत ऐकलं होतं: 'मला शिवू नकोस.'

मराठीत 'शिवू नकोस' म्हटलं की अंगावर काय काय येतं! आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला वाटायचं, बाई पापी होती म्हणून येशूने तिला लांब ठेवलं. आजीलाही तसंच वाटायचं.

नाँस गाव मागे टाकलं आणि चढ लागला. चालताना तेच डोक्यात घोळत होतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवणारी पापी स्त्री आहे, तिला नाव नाही. आठव्यात मग्दालिया मरीया येते, तिच्यातून सात भुतं निघालेली. बेथानीची मरीया, मार्थाची बहीण, आणखी वेगळी. ५९१ च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात या तिघींची एकच बाई केली आणि सात भुतं म्हणजे सगळी दुर्गुणांची रास, असा अर्थ लावला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तिघींना वेगळंच ठेवलं. आपल्याकडे मात्र चित्रांत, प्रवचनांत ती केस मोकळे सोडून रडतच राहिली. १९६९ मध्ये रोमने दिनदर्शिका सुधारली तेव्हा तिच्या दिवसावरचं हे ओझं उतरलं. २०१६ मध्ये २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला सणाचा मान मिळाला, प्रेषितांच्या बरोबरीने. आजी तोवर गेली होती.

गुहेखालचं जंगल जुनं आहे. बीचची उंच झाडं, खोडांवर शेवाळ, मे महिन्यातही गारवा. एक म्हाताऱ्या फ्रेंच बाई सोबत चालत होत्या. मोडक्यातोडक्या भाषेत बोलणं योहानाच्या विसाव्या अध्यायावर आलं. थडग्याशी मरीया येशूला माळी समजते, ती तिची चूकच, असं मी धरून चालले होते. त्या म्हणाल्या, "चूक कसली? माळीच होता तो."

मी जागीच थांबले. बायबलची सुरुवात बागेत होते, बाग राखायला आदाम असतो. इथेही बाग आहे आणि पहाटेची वेळ. तिसऱ्या शतकातल्या हिप्पोलितस या ख्रिस्ती लेखकाने थडग्याशी आलेल्या स्त्रीत नवी हव्वा पाहिली होती, ते आठवलं. आणि माझं मराठी मन थेट सावतोबांच्या मळ्यात जाऊन पोचलं. पंढरी तिथेच होती ना त्यांची! ग्रीकमधल्या त्या वाक्याचाही अर्थ 'मला धरून ठेवू नकोस' असा होतो. म्हणजे तिने त्याला आधीच घट्ट धरलं होतं. त्यात विटाळ कुठेच नाही. लगेच तो तिला निरोप घेऊन पाठवतो: जा, माझ्या भावांना सांग. मध्ययुगातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ थोमस अक्विनास यांनी तिला 'प्रेषितांची प्रेषित' म्हटलं ते यासाठीच.

शेवटच्या १५० पायऱ्या मी माळेचे मणी ओढत चढले. गुडघा चांगलाच बोलत होता. गुहेत छतातून पाणी ठिबकत होतं. एक थेंब मनगटावर पडला, बर्फासारखा. येणारा प्रत्येक जण खडकाला हात लावत होता. मीही तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

खाली उतरून आईला फोन लावला. "आई, ती पापी नव्हती गं. कुठेच तसं लिहिलेलं नाही."

आई गप्प. मग म्हणाली, "मेणबत्ती लावलीस?"

"हो."

"आजीच्या नावाची लावलीस का?"

मी काठी उचलली आणि पुन्हा पायऱ्यांकडे वळले.