चढतंय की उतरतंय?

कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका लेथवर मी पितळेचा ठोकळा घेऊन उभा होतो. मिस्त्रींनी तो हातात तोलून पाहिला.

"कुठल्या पंपाचं हो?"

"पंपाचं नाही. व्हिडिओ गेमला चाक बसवायचंय."

शेजारच्या लेथवरच्या पोरानं मशीन बंद करून कान इकडं लावला. सत्तेचाळिसाव्या वर्षी असलं खरं बोलण्यापेक्षा पंपाचंच म्हटलं असतं तर बरं, असं वाटून गेलं. पण मिस्त्रींचा चेहरा हलला नाही. "बोअर किती?" एवढंच विचारलं. मधलं भोक सहा मिलिमीटरचं. "मग बाहेरनं नर्लिंग मारतो. नायतर घामानं हात घसरल." म्हणजे माणसाला सगळं कळलं होतं.

लहानपणी आमच्याकडं टीव्हीला जोडायचा गेम होता. पिवळ्या कॅसेटवर '९९९९९ इन वन' लिहिलेलं, आत खरे सात-आठच. त्यातला विटा फोडायचा खेळ मला कधीच जमला नाही. बटण दाबलं की खालची फळी तिच्या ठरलेल्या एकाच वेगानं सरकायची आणि तोवर चेंडू खाली गेलेला असायचा. आपलेच हात मंद, अशी माझी समजूत झाली. बऱ्याच वर्षांनी कळलं, की १९८६ साली ताइतो कंपनीनं काढलेल्या 'अर्कनॉइड'च्या मोठ्या मशीनवर फळी हलवायला बटण नव्हतंच. गोल मूठ होती, स्पिनर. हळू फिरवली तर फळी केसभर सरकते, झटका दिला तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अटारीच्या १९८१ च्या 'टेम्पेस्ट'लाही अशीच मूठ. दोष माझ्या हातांचा नव्हता, हे समजायला पस्तीस वर्षं लागली, आणि मग घरात प्लायचं मशीन उभं करण्यावाचून इलाज राहिला नाही.

जुन्या रेडिओच्या आवाजाची मूठ पाऊण फेरा फिरून अडते. ती कुठं आहे ते तिच्या जागेवरूनच कळतं. १९७२ च्या 'पाँग'ला तसलीच मूठ होती. स्पिनर मात्र अडत नाही, कितीही फेरे घ्या. आणि म्हणूनच तो कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. सांगलीकराला हे समजावणं सोपं आहे. पावसाळ्यात इथं दोन प्रश्न विचारतात. एक, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती. ४० ला इशारा, ४५ ला धोका. दुसरा, "चढतंय की उतरतंय?" रेडिओची मूठ पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, स्पिनर फक्त दुसऱ्याचं. खरं सांगायचं तर पुराच्या रात्री दोन वाजता आम्हालाही दुसरंच उत्तर हवं असतं.

मी घेतलेल्या एन्कोडरच्या, म्हणजे मुठीचं फिरणं मोजणाऱ्या डबीच्या आत एक चकती आहे, तिच्यावर ६०० बारीक खाचा. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारे दोन डोळे, एकमेकांच्या किंचित मागंपुढं बसवलेले. खाच कोणत्या डोळ्यासमोर आधी आली, यावरून दिशा ठरते. प्रत्येक खाचेमागं दोघांचे मिळून चार बदल, म्हणजे एका फेऱ्याला २४०० पावलं. ती एका छोट्या बोर्डानं मोजायची आणि कॉम्प्युटरला सांगायचं, की मी माऊस आहे. कॉम्प्युटर मुकाट्यानं ऐकतो.

बसवताना पहिली अडचण लाकडाची. प्लाय १९ मिलिमीटरचा, शाफ्ट त्याहून आखूड. सुतारानं पटाशीनं खालून खड्डा कोरला आणि "एवढ्यासाठी माझी धार घालवली" असं दोनदा म्हणाला.

पहिल्या रात्री फळी जागची हलली नाही. हा एन्कोडर तारेतलं व्होल्टेज फक्त खाली ओढतो, वर उचलून धरायचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं. बोर्डाला तसं सांगणारी ओळ लिहायची राहिली होती. दुसऱ्या रात्री हलली, पण उजवीकडे फिरवलं की डावीकडे. पांढरी आणि हिरवी तार अदलाबदल झालेली. सॉफ्टवेअरमधूनही दिशा उलटवता येते, पण चुकीची तार तशीच ठेवून वर मलमपट्टी करणं मला खपत नाही. रात्री साडेअकराला परत सोल्डरिंग गन तापवली. बायकोनं वास घेतला आणि दार लावून घेतलं.

तिसरा दोष चिवट. हळू फिरवलं तर सगळं ठीक, जोरात झटका दिला की फळी चक्क मागं जायची. सिनेमात गाडी पुढं धावते आणि चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तेच. माझा प्रोग्रॅम आपली बाकीची कामं उरकत मधूनमधून दार उघडून बघत होता, कोण आलंय का. तेवढ्यात तीन पाहुणे येऊन गेलेले. मग इंटरप्ट लावला, म्हणजे बेल वाजली की हातातलं टाकून उठायचं. पितळेवर खडूची खूण केली, दहा फेरे पुढं, दहा मागं, खूण खुणेवर. आकडा आधी शेकड्यांनी चुकायचा, तो बरोबर शून्यावर आला. त्या शून्याचा मी फोटो काढून ठेवलाय.

मग मेममध्ये, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, संवेदनशीलता खूप खाली आणली. त्याआधी नुसतं बोट टेकलं तरी फळी उडून जायची.

आधी मी एका मोडक्या टेप डेकची प्लास्टिकची मूठ लावून पाहिली होती. सोडली की जागीच थांबायची. पितळेची लावली, टिचकी दिली, आणि ती फिरतच राहिली. शेजारी बसून शेंगा सोलणाऱ्या आईनं मान वर केली. "जात्याचंही तसंच असायचं. वरची तळी जड असली की हाताला काम कमी." एवढं बोलून तिनं हात पदराला पुसला, चाक एकाच दिशेनं गरगर फिरवलं, फळी भिंतीला जाऊन चिकटली आणि चेंडू गेला. चेंडूकडं तिचं लक्षच नव्हतं.

आता रात्री उशिरा हॉलमधून बारीकसा घूंऽऽ असा आवाज येतो. कुणीतरी पाणी प्यायला उठलेलं असतं आणि जाता जाता चाकाला टिचकी मारून गेलेलं असतं. मशीनचा प्लगही लावलेला नसतो.