सगळं नॉर्मल आहे

परवा बायकोचे परत रिपोर्ट आले आणि परत सगळं नॉर्मल. लॅबची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली तेव्हा मी ऑफिसात होतो, तिथूनच तिला फोन लावला, अगं सगळं छान आलंय म्हणून, तर पलीकडून आवाजच नाही. मग हळूच म्हणाली, "म्हणजे अजून काहीच सापडलं नाही ना रे."

साडेतीन वर्षं झाली. चार दिवसांचा ताप आला होता, ताप गेला पण अंगातली शक्ती जी गेली ती गेलीच. आपण दमतो तसं दमणं नाही हे. आंघोळ करून आली की केस पुसायला हात वर धरवत नाहीत, टॉवेल मांडीवर घेऊन बेडच्या कडेला बसून राहते. उभं राहिलं की धडधडतं. बोलताना साधे शब्द सापडत नाहीत, मध्ये एकदा किसणी हवी होती तर नुसतं हाताने किसून दाखवलं. सहावी-सातवीला मराठी शिकवायची हो ती. मागच्या वर्षी शाळा सोडली.

फाइल एवढी जाड झालीये. थायरॉइड, ईएसआर, सीआरपी, एएनए दोनदा, मेंदूचा एमआरआय, टूडी एको, आणि अ‍ॅडमिट नाही म्हणून मेडिक्लेममधून एक रुपया नाही. बी१२ कमी निघालं तेव्हा मला वाटलं सापडलं एकदाचं! इंजेक्शनं झाली, आकडा वर आला, ती होती तिथेच.

एका डॉक्टरांनी ती समोर बसलेली असताना मला विचारलं, घरात काही टेन्शन वगैरे आहे का. आणि मी म्हणालो, थोडंफार असतंच. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "तुलापण असंच वाटतं का?" मला पटकन नाही म्हणता आलं नाही. तो क्षण मला अजून छळतो.

त्याच रात्री एक वही घेतली. रोज तिने काय केलं आणि पुढचे दोन-तीन दिवस कसे गेले, एवढंच लिहायचं. महिन्याभरात दिसायला लागलं की ती कोसळते ती त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. भाचीच्या साखरपुड्याला दोन तास बसली, फोटोत हसली, सगळे म्हणाले किती फ्रेश दिसतेयस, आणि पुढचे पाच दिवस पडदे लावून अंधारात पडून होती, ते पाच दिवस माझ्याशिवाय कुणी बघितले नाहीत. आणि मी काय करत होतो तर रोज पाच मिनिटं वाढवू म्हणत तिला संध्याकाळी चालायला नेत होतो!

ही वही घेऊन नवीन डॉक्टरांकडे गेलो. त्या बाई पानं वाचतच बसल्या, पहिल्यांदाच कुणीतरी. मग तिला दहा मिनिटं उभं करून नाडी मोजली. उभं राहिल्यावर नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढत असेल, बीपी न पडता, आणि असं वारंवार दिसलं तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिलं की नाडी फार वाढते त्या आजाराचा, विचार करतात म्हणे, हिची २६ ने वाढली. म्हणजे तिथेही नाव मिळालं नाही. पण त्यांनी चालणं वाढवणं आधी थांबवलं. म्हणाल्या, एमई/सीएफएस नावाचा दीर्घ थकव्याचा आजार असतो, त्यात श्रमानंतर माणूस कोसळतो, आणि त्यात व्यायाम ठरवून वाढवत नेऊ नका असं उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये सांगितलंय, हिला तेच आहे असं मी आज म्हणत नाही, पण हे नंतर कोसळणं तसंच आहे, तर शक्ती संपायच्या आधी थांबायचं.

आता बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल आहे, ओट्यापाशी एक आहे. पूर्ण अंथरुणात जाणारे दिवस कमी झालेत, वहीत दिसतंय ते.

परवा घरी आलो तेव्हा छान आहे वगैरे काही बोललो नाही. शेजारी बसलो. तिनेच रिपोर्ट फाइलला लावायला सांगितला आणि म्हणाली, पुढच्या वेळी वहीतल्या नवीन पानांची झेरॉक्स काढून घे, त्या बाईंना लागेल.