काजूला खाज कशाची?

मी कुत्र्यांसाठी सुकवलेल्या मांसाचा खाऊ करते. माझ्याकडे येणारी बहुतेक कुत्री अन्नाच्या ॲलर्जीची असतात, म्हणून एका वेळी एकाच प्राण्याचं मांस, आणि त्यात दुसरं काहीही नाही. मीठ नाही, मसाला नाही, चिकटावं म्हणून पीठ नाही. कांदा-लसूण तर कुत्र्यांना विषारीच. त्यामुळे काजू नावाच्या कुत्रीच्या घरून फोन आला आणि तिच्या मालकीणताई म्हणाल्या, "तुमचा खाऊ सुरू केल्यापासून हिची खाज परत आलीय," तेव्हा मी हातातलं काम तिथेच थांबवलं.

काजूची सगळी हकिकत मला माहीत होती. कान कायम लाल, आणि पंजे इतके चाटायची की बोटांमधले पांढरे केस लाळेने तपकिरी झाले होते. पिसवा, गोचीड, बुरशी हे सगळं तपासून झाल्यावर तिच्या पशुवैद्यांनी एलिमिनेशन डाएट सुरू केलं. कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेलं एकच मांस आणि एकच पिष्टमय पदार्थ, किमान ८ आठवडे, आणि त्या काळात तोंडात दुसरा कणही नाही. रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीवरून अन्नाची ॲलर्जी खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे हा लांबचा रस्ताच भरवशाचा. काजूला ससा आणि बटाटा दिला. खाज गेली. मग डॉक्टरांनी मुद्दाम चिकन देऊन पाहिलं, आणि काही दिवसांतच ती पुन्हा पंजे चाटायला लागली. चिकन नक्की झालं. ते बंद केल्यावर ती पुन्हा शांत झाली आणि मग ताई माझ्याकडे आल्या, सशाच्या खाऊसाठी.

आता तीच काजू परत खाजवत होती आणि मधल्या काळात घरात नवीन आलेली एकच गोष्ट त्यांना दिसत होती, माझं पाकीट. त्यांचा संशय अगदी रास्त होता. मी इतर कुत्र्यांसाठी चिकनचाही खाऊ करते. पण त्याच्या फळ्या, सुऱ्या आणि जाळ्या वेगळ्या आहेत, आणि ससा करायचा त्या दिवसांत कोंबडी माझ्या ओट्यावर येतच नाही. प्रत्येक घाण्याची तारीख आणि मांस वहीत लिहिलेलं असतं. तरी अशी शंका फोनवर फिटत नसते. मी म्हटलं, "ताई, पाकीट घेऊन या आणि दिवसभर इथेच बसा. तुमच्यासमोर करते." त्या आल्या, सोबत त्यांचा शाळकरी मुलगाही आला. काजूचं सगळं तोच बघतो.

मांस अर्धवट गोठलेलं ठेवलं होतं. पूर्ण मऊ मांस सुरीखाली सरकतं आणि काप जाड-बारीक होतात, थोडं कडक असलं की एकसारखे निघतात. मी साधारण ५ मिलिमीटरचे ठेवते. सशाचं मांस मुळात बिनचरबीचं, पण पाठीवरचा पांढरा पडदा आणि मांडीच्या आतल्या बाजूची चरबी काढावी लागते. चरबी सुकत नाही, ती फक्त खवट होते. मुलगा जवळ येऊन बघत होता. मी त्याला एक काप उजेडाकडे धरून दाखवला, त्यातले धागे एका दिशेने जाताना दिसतात. धाग्यांना आडवं कापलं तर सुकल्यावर तुकडा सहज मोडतो, उभं कापलं तर चिवट होतो. काजूला शिकवताना पटकन गिळता येणारे तुकडे हवे होते, म्हणून आडवे काप.

कापून झाल्यावर लगेच डिहायड्रेटरमध्ये, म्हणजे सुकवायच्या यंत्रात, जायचं असं बहुतेकांना वाटतं. मी आधी ओव्हनमध्ये गरम करते आणि सर्वांत जाड कापात थर्मामीटरची सुई घालून बघते. ससा किंवा बकऱ्यासाठी ७१ अंश सेल्सिअस पुरतात, कोंबडीसाठी ७४ लागतात. मी सगळ्यांनाच ७४ पर्यंत नेते. मुलाने विचारलं, "काकू, सुकवताना तापतंच की, मग आधी कशाला?" प्रश्न अगदी मोक्याचा होता. पाणी उडत असतं तोवर मांस थंड राहतं, यंत्राचा काटा ६० दाखवत असला तरी. आणि मांस खरोखर तापतं तेव्हा ते कोरडं झालेलं असतं. कोरड्यात साल्मोनेलासारखे जंतू उष्णता जास्त सोसतात. म्हणजे अवघड वेळी त्यांच्याशी गाठ घालायची. त्यापेक्षा मांस ओलं असतानाच मारून टाकायचे. हे फक्त कुत्र्यासाठी नाही. खाऊ हाताळणारी माणसंच असतात, तोच हात तोंडाला जातो, आणि घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्याला हा जंतू महागात पडतो. ज्या कृतींमध्ये ही पायरी गाळलेली असते त्या वाचून मला खरंच काळजी वाटते.

काप जाळीवर एकमेकांना न चिकटता मांडले, यंत्र ६० अंशांवर लावलं. उष्णता वाढवून काम लवकर उरकायचा मोह होतो, पण मग बाहेरून कडक कवच धरतं, ओल आत अडकते आणि चांगला दिसणारा तुकडा डब्यात बुरशी धरतो.

आता कित्येक तास वाट बघणं होतं. मी वही उघडली आणि म्हटलं, "कालची सकाळ आठवा. उठल्यापासून झोपेपर्यंत काजूच्या तोंडात काय काय गेलं, सगळं सांगा."

ताईंनी सांगितलं. सकाळी ससा-बटाटा, संध्याकाळी तेच. पाणी. जंतांची गोळी? तीही डॉक्टरांनी आधीच बिनचवीची करून दिली होती. हे महत्त्वाचं असतं, कारण चघळायच्या अनेक गोळ्यांमध्ये चवीसाठी बीफ किंवा पोर्क असतं आणि कॅप्सूलचं जिलेटिनही बहुधा गाय किंवा डुकराचंच. दुसऱ्या कुत्र्याचं उष्टं नाही, शेजाऱ्यांनी काही दिलेलं नाही. यादी इतकी स्वच्छ होती की माझ्याच पाकिटावर बोट येत होतं. ताईंनी आणलेल्या पाकिटातला एक तुकडा मी मोडून बघितला, वास घेतला. सशाचाच. पण नाकावर कोण विश्वास ठेवणार?

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आणि रात्री दात घासले की एक तुकडा."

"दात कशाने घासतोस?"

"तिच्या पेस्टने."

पूर्वी काजू दातांना हात लावू द्यायची नाही. माझा खाऊ आला त्याच दिवशी मुलाने ठरवलं की आता बक्षीस आहे, तर ब्रशची सवय लावू. ब्रश, मग तुकडा. दोन्ही एकाच रात्री सुरू झाले आणि घरातल्या सगळ्यांच्या लक्षात फक्त खाऊ राहिला, कारण पेस्ट ही कुणाला खायची वस्तू वाटतच नव्हती. कुत्र्याला चूळ भरता येत नाही. पेस्ट गिळलीच जाते. ताईंनी घरी फोन करून नळीचा फोटो मागवला. तो मोठा करून आम्ही तिघांनी वाचला. नावाखाली बारीक अक्षरात होतं, पोल्ट्री फ्लेवर.

ताईंचा चेहरा एकदम सैल झाला. मी मात्र त्यांना थांबवलं. तो फ्लेवर खऱ्या कोंबडीपासून काढलाय की कृत्रिम आहे, नळीवर लिहिलेलं नव्हतं. कृत्रिम असता तर आम्ही पुन्हा पहिल्या जागी. लेबलवरून निकाल लावायचा नाही हे मी या कामात शिकले आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरात बदक आणि घटकांच्या यादीत सातव्या ओळीला चिकन फॅट, हे मी अनेकदा वाचलंय. त्याहून वाईट म्हणजे डीएनए तपासणीत कुत्र्यांच्या तयार अन्नात यादीत नसलेली मांसंही सापडली आहेत. ॲलर्जीच्या कुत्र्याला 'थोडंसं' हा शब्द लागू होत नाही. फ्लेवर खऱ्या कोंबडीचा असेल, तर वाटाण्याएवढी पेस्ट रोज रात्री, हे काजूसाठी रोजचं चिकनच.

तिथूनच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, एका वेळी एकच गोष्ट बदला. पेस्ट बंद, ब्रश साध्या पाण्याने, सशाचा खाऊ चालूच ठेवा. मला हे फार पटलं. दोन्ही एकदम बंद केलं असतं तर खाज गेली असती, पण कशामुळे, हे कधीच कळलं नसतं, आणि काजूचा निर्धोक खाऊ उगाच हातचा गेला असता.

संध्याकाळी घाणा झाला. तुकडा थंड करून वाकवला. माणसांच्या जर्कीला, म्हणजे माणसांसाठी सुकवलेल्या मांसाच्या पट्टीला, नुसती चीर पडली तरी चालतं, कारण तिच्यात मीठ असतं. आपल्याकडे मीठ नाही, म्हणून तुकडा कट्कन मोडलाच पाहिजे. मधून ओलसर, गडद दिसला तर परत यंत्रात. नंतर काचेच्या बरणीत भरून काही दिवस आतल्या बाजूला वाफ धरते का ते बघायचं, आणि तरीही पाकीट फ्रीझरमध्ये. ताईंना मी वजनही करून दाखवलं. मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं, त्यामुळे १ किलोचे साधारण ३०० ग्रॅम उरतात. म्हणून सुका तुकडा हलका वाटला तरी पोटाला तिप्पट मांसाएवढा. दिवसभरातल्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या वर खाऊ जाऊ नये.

पेस्ट थांबल्यावर काजूचे कान हळूहळू निवळले, चाटणं थांबलं, खाऊ चालू असतानाच. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून पेस्ट पुन्हा दिली, आणि काही दिवसांत पंजे परत तोंडात. ताईंनी फोन केला तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं नाही, आनंद झाला. तिच्या यादीतला ससा आता दोनदा पारखून झाला होता.

आता त्या घरीच खाऊ करतात. मुलगा थर्मामीटर धरतो. त्यांनी विचारलं, सशाऐवजी बदक चालेल का. मी नको म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच, कारण पक्ष्यांच्या मांसातली प्रथिनं एकमेकांसारखी असतात आणि चिकन न सोसणारी काही कुत्री बदकालाही खाजवतात. शेजाऱ्यांचं जुनं डिहायड्रेटर त्यांना फुकट मिळत होतं, तेही घेऊ दिलं नाही. त्यात पूर्वी काय सुकवलं होतं कुणालाच आठवत नव्हतं, आणि प्लॅस्टिकच्या जाळीच्या कोपऱ्यात मुरलेली चरबी कितीही धुतली तरी पूर्ण जात नाही.