एका पदार्थातून दुसरा

पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवताना पाणी नेहमीपेक्षा जास्त ठेवले जाते, डाळ बोटाने सहज चेपेल इतकी मऊ झाली की ती चाळणीवर उपसली जाते, आणि खाली उतरलेल्या दाटसर पाण्याची, म्हणजे कटाची, आमटी होते. त्यात चमचाभर पुरणच कालवले जाते, भाजलेले सुके खोबरे, गोडा मसाला, चिंच आणि गूळ पडतो, वर कढीपत्त्याची फोडणी बसते. आणि दुसऱ्या दिवशी ती मुरली की पुरणपोळीपेक्षा तिचीच वाट पाहणारे एखादे तरी माणूस घरात असतेच. होळीला, जेव्हा तूप वाढताना कोणी हात आखडता घेत नाही, तेव्हासुद्धा डाळीचे पाणी मोरीत ओतले जात नाही, ही गोष्ट मला आपल्या स्वयंपाकाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. काटकसर आणि चैन यांना आपण एकमेकींच्या सवती समजतो, पण सणाच्या ताटात त्या शेजारी शेजारी बसून जेवतात.

आम्ही दोघे आणि सासूबाई असे तिघांचे आमचे घर पुण्यात आहे. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातले. उत्पन्न अगदी बेताचे नाही, पण उधळण्यासारखेही नाही. साध्या राहणीविषयी हल्ली फार बोलले जाते आणि तिचे चित्र म्हणून पांढऱ्या भिंतींची, जवळजवळ रिकामी केलेली घरे दाखवली जातात. मला त्या घरांत जेवण कुठे होत असेल असा प्रश्न पडतो, कारण आमच्या स्वयंपाकघरात डबे भरपूर आहेत आणि ते भरलेले आहेत. आम्हाला या राहणीत जे समाधान मिळते ते कमी खाण्यातून किंवा मन मारण्यातून आलेले नाही. एका पदार्थातून दुसरा निघत राहतो, घरात काय आहे हे ठाऊक असते आणि उद्याच्या जेवणाचा अर्धा निर्णय आजच झालेला असतो, यातून ते येते.

दुधाचे पाहा. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ टक्के किंवा त्याहून थोडा अधिक असतो, आणि दूध तापवून, झाकण किंचित कलते ठेवून, पूर्ण गार होऊ दिले तर त्यातला बराचसा सायीच्या रूपाने वर येतो. ही साय रोज एका डब्यात साठवायची, आठवडा झाला की कोमट करून तिला विरजण लावायचे, आणि दुसऱ्या दिवशी गार पाणी घालून घुसळायचे. लोणी वर आले की ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन मंद आचेवर कढवायचे. ताकाचा अंश त्यात राहिला तर तुपाला आंबूस वास येतो, म्हणून धुण्यात आळस करून चालत नाही. किलोभर लोण्याचे पाऊण किलोच्या आसपास तूप होते. तळाशी उरलेल्या खरपूस बेरीत साखर घालून ती खाण्याचा मान आमच्याकडे अजूनही ज्याने लोणी घुसळले त्याचा असतो, आणि हा नियम केल्यापासून घुसळण्याचे काम आमच्या यजमानांनी आपणहून पत्करले आहे.

तूप हा या सगळ्यातला शेवटचा पदार्थ असे कोणाला वाटेल, पण घरातली खरी उलाढाल ताकाने होते. पहिल्या दिवशी ते जेवणानंतर प्यायले जाते, दुसऱ्या दिवशी त्याची बेसन लावून कढी होते किंवा ताकातला चाकवत होतो, आणि त्यापुढे आंबटपणा वाढला की तांदळाच्या पिठाची उकड. उकडीला मुळात आंबट ताकच लागते. गोडसर ताकाची उकड मिळमिळीत होते. त्यातूनही उरले तर तांब्या-पितळेची भांडी घासायला ते चांगले, कारण त्यातल्या आम्लाने भांड्यांवरचा काळपटपणा निघतो, आणि अगदी शेवटचे भांडे विसळलेले पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला जाते. कढीपत्ता त्याने वाढतो की नाही याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत, पण पाणी जाते ते तिथेच.

सोलापूरकडच्या माणसाला ज्वारीविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा तेही सांगते. आमच्याकडची मालदांडी ज्वारी रब्बीची. पावसाळा संपता संपता काळ्या जमिनीत पेरली जाते आणि जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर मोठी होते. माणसाला दाणा आणि जनावराला कडबा अशी तिची दुहेरी सोय असल्यामुळे कणीस भरण्याइतकेच ताट, म्हणजे धांडा, उंच होण्यालाही शेतकरी महत्त्व देत आला आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सासूबाईंना त्याचे कौतुक कमी आणि आश्चर्य जास्त वाटले. रोज खाल्ल्या जाणाऱ्या धान्याला कागदाची गरज का पडावी, असा त्यांचा प्रश्न होता.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात, तळहाताच्या टाचेने रगडून मळावे लागते आणि दळण ताजे असावे लागते. जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते. महिन्याचे दळण एकदम आणण्याचा मोह त्यामुळे टाळावा लागतो आणि आठ-दहा दिवसांनी चक्कीवर एक फेरी होते. ताजी भाकरी संध्याकाळी, आणि उरलेली सकाळी ताकात कुस्करून, वर कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी, ही आमची ठरलेली न्याहारी आहे. आमच्या भागात मुद्दाम पातळ थापून, निखाऱ्यावर किंवा मंद तव्यावर वाळवलेली कडक भाकरी करतात; ती कितीतरी दिवस टिकते आणि आमटीत मोडून खाता येते. भाकरी शिळी व्हायचीच आहे हे गृहीत धरून तिला आधीच टिकाऊ करून ठेवणाऱ्या बायकांविषयी मला मोठा आदर वाटतो.

बाहेरच्या खाण्याची सवय झालेल्या जिभेला असे जेवण अळणी वाटेल अशी पुष्कळांची समजूत असते, आणि ती चुकीची ठरते ती तोंडीलावण्यामुळे. आपल्या ताटाचा मोठा भाग, म्हणजे भाकरी, भात, वरण, हा मुद्दामच सौम्य असतो आणि चव डावीकडच्या दोन-तीन चमच्यांत एकवटलेली असते. जवस, कारळे, तीळ किंवा लसूण-खोबरे यांची चटणी वाटीभर केली तर पंधरा दिवस पुरते. मेतकुटाचा डबा असेल तर मऊ भात आणि तूप एवढ्यावर रात्रीचे जेवण होते, आणि आजारी माणसापासून पाहुण्यापर्यंत ते कोणालाही वाढता येते. महागड्या जिनसा थोड्या प्रमाणात वापरून स्वस्त जिनसांचे मोठे प्रमाण रुचकर करायचे, ही यामागची युक्ती आहे. हिंगाच्या बाबतीत मात्र मी स्वस्त माल घेत नाही, कारण चांगला हिंग चिमूटभर पुरतो आणि हलका हिंग चमचाभर घालूनही फोडणीत जाणवत नाही.

भाजीच्या टाकाऊ भागांचे तर वेगळे शास्त्रच आहे. दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर परतून चटणी होते, दुधीच्या सालीचीही तशीच. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जातात, मुळ्याच्या पाल्याची मुगाची डाळ घालून भाजी होते, आणि कलिंगडाचा लाल गर संपल्यावर हिरव्या सालीच्या आतला पांढरा भाग किसून थालीपिठात घातला तर खाणाऱ्याला ओळखू येत नाही. भाजणीच्या पिठाची थोरवी हीच की ते काहीही पोटात घेते. साली वापरायच्या असतील तर भाजी नीट धुवावी लागते, आणि कारल्याच्या सालींसारख्या काही गोष्टी चवीला फारशा पटत नाहीत. तिथे हट्ट करू नये.

इंधनाकडे आपले लक्ष कमी असते, कारण गॅसची टाकी संपल्याखेरीज तो दिसत नाही. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, आणि तो किती दिवस पुरतो हे बरेचसे कडधान्य भिजवण्यावर ठरते. रात्रभर भिजवलेले हरभरे आणि ऐन वेळी कुकरमध्ये टाकलेले हरभरे यांच्या शिट्यांत मोठा फरक असतो. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. एकदा दाब तयार झाला की आच मोठी ठेवून तापमान आणखी वाढत नाही, फक्त शिटीतून वाफ आणि पैसा जातो. म्हणून पहिल्या शिटीनंतर आच बारीक करायची, आणि एकावर एक डबे लावून डाळ, भात आणि उद्याच्या भाजीचे बटाटे एकाच वेळी उरकायचे. चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचे, कारण आंबट पदार्थामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. मटकीला तर मोड आणल्यावर कुकरसुद्धा लागत नाही, झाकणावर पाणी ठेवून ती वाफेवर शिजते, आणि भिजून मोड येईपर्यंत तिचे वजनही दुपटीच्या आसपास गेलेले असते.

या सगळ्याला मर्यादा आहेत. भाताची मर्यादा सर्वांत कडक आहे: शिजलेला भात उन्हाळ्यात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यात जिवाणू वाढून असे विष तयार होऊ शकते की जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे फोडणीच्या भातासाठी ठेवायचा भात आम्ही वाफ गेल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी संपवतो. शंका आली तर टाकून देतो. दवाखान्याच्या खर्चापुढे वाटीभर भाताची बचत काहीच नाही.

दुसरी मर्यादा श्रमांची आहे, आणि तिच्याविषयी गोड आठवणी लिहिणारे बहुधा गप्प असतात. जुन्या घरांची काटकसर बायकांच्या न मोजलेल्या तासांवर उभी होती. कुरडयांसाठी गहू तीन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन चढण्याआधी घालायला बसायचे, हे सासूबाईंनी कितीतरी उन्हाळे केले आणि त्यांना त्याची अजिबात ओढ उरलेली नाही. कुरडया, सांडगे आणि पापड आम्ही बचत गटाच्या बायकांकडून विकत घेतो. त्यांच्या श्रमाचे पैसे होतात आणि आमची पाठ शाबूत राहते. घरात जे करायचे ते दोघांनी वाटून करायचे, हे ठरल्यावरच मला स्वयंपाकाची गोडी लागली. एकीने राबायचे आणि इतरांनी साधेपणाचे कौतुक करायचे, अशा व्यवस्थेला मी समाधान म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट सासूबाईंनीच शिकवली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, मिळत असे आणि दुष्काळी कामांवर सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ, वाटली जात असे. ती चव त्यांच्या अजून लक्षात आहे. साध्या जेवणाची थोरवी कोणी त्यांच्यासमोर फार सांगू लागले की त्या शांतपणे विचारतात, "दुसरं काही मिळत असताना खाता ना?" पर्याय असताना निवडलेली भाकरी आणि पर्याय नसताना गिळलेली भाकरी यांची गल्लत करू नये, एवढेच त्यांना सुचवायचे असते. त्यामुळे कोणाच्या गरिबीला साधेपणाचे नाव देण्याची माझी तरी हिंमत होत नाही.

पैसे किती वाचतात, असे मैत्रिणी विचारतात. हिशेबाची वही पाहिली तर वाचतात, पण थक्क व्हावे इतके नाहीत. तूप, चांगले शेंगदाणे आणि ताजी भाजी यांना पैसे लागतातच. मोठा फरक पडला तो संध्याकाळच्या वेळेत. घरी येताना आज काय करायचे याची धास्ती नसते, कारण मोड आलेली मटकी फडक्यात बांधलेली असते किंवा ताक आंबट होऊन उकडीची वाट पाहत असते. आमच्या सोसायटीच्या दाराशी दहा मिनिटांत सामान आणून देणारी मुले दिवसभर येत-जात असतात, आणि त्यांच्या पिशव्यांत अनेकदा एक लिंबू किंवा एक कोथिंबिरीची जुडी असते. मला त्यात सोयीपेक्षा दमणूक अधिक दिसते, मागवणाऱ्याची आणि आणणाऱ्याचीही.

आंब्याच्या बाबतीत मात्र आमच्या घरात काटकसर चालत नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. हापूस चिरून खायला आणि पायरी रसाला, असा शिरस्ता आहे आणि त्या दीड महिन्यात हिशेबाची वही कोणी उघडत नाही. रस काढल्यावर साली आणि कोयी पाण्यात कोळल्या जातात, त्या पाण्यात ताक आणि थोडे बेसन मिसळून, आले-मिरची आणि जिऱ्याची फोडणी देऊन फजिता होतो, आणि रात्री भातावर तोच असतो. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला आलेल्या भाच्याने रसापेक्षा फजिताच दोनदा मागून घेतला, तेव्हा सासूबाईंनी त्याला पुढच्या वर्षी कोयी कोळायला बसवायचे जाहीर करून टाकले आहे.